मदत हवी आहे: क्लोरीन मीटरचं रीडिंग खरं आहे हे कसं पडताळायचं?

गावच्या नळयोजनेच्या शेवटच्या नळावर डीपीडी मीटर (पुडीने येणारा गुलाबी रंग मोजणारा) मुक्त क्लोरीन ०.१ दाखवतो, ओटीचा (ऑर्थोटोलिडीन द्रावणाचा) पिवळा रंग मात्र ०.५ शी जुळतो. किमान ०.२ मिग्रॅ/लिटर हवं, त्यामुळे टीसीएल (ब्लीचिंग पावडर) वाढवावी की नाही हेच ठरेना. ओटीला संयुक्त (अमोनियासारख्या पदार्थांशी जोडलेलं) क्लोरीनही रंग देतं, पण एकूण क्लोरीनच्या पुडीनेही मीटरचा आकडा फारसा वाढत नाही.

नमुना नळावरच तपासला, बाटली पुसून त्याच पाण्याने झिरो केलं, पुड्या नव्या घेतल्या. सीलबंद स्टँडर्ड (ठरावीक रंगाच्या तयार बाटल्या) मीटरवर बरोबर येतात, पण त्यातून पुडीची खात्री होत नाही. प्रयोगशाळा लांब, वाटेतच क्लोरीन कमी होतं.

आता पोटॅशियम परमँगनेट वापरावं म्हणतो, कारण डीपीडी पुडीशी ते क्लोरीनसारखाच रंग देतं: ०.८९१ ग्रॅम लिटरभर पाण्यात, मग दहापट पातळ, त्यातलं १ मिली १०० मिलीत म्हणजे १ मिग्रॅ/लिटर क्लोरीनइतकं. त्यासाठी बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर चालेल का, की तेच परमँगनेट खाऊन रीडिंग कमी दाखवेल?