दुधाने पोट भरतं, हीच तर अडचण

'जेवत नाही तर नाही, निदान दूध तरी जातंय ना पोटात' असं लहान मुलं नीट जेवत नाहीत या चर्चेत वर दोघीतिघींनी लिहिलंय. मोबाईल दाखवून भरवू नका हा इथला सल्ला पटला, पण या दुधाच्या समाधानाशी मी सहमत नाही. माझा धाकटा अडीच वर्षांचा असताना दिवसाला चार बाटल्या, म्हणजे जवळपास लिटरभर दूध प्यायचा. वरणभात पुढे आला की तोंड घट्ट बंद. सासूबाई खूश, मीही निश्चिंत. मग तो माती खायला लागला. कुंडीतली, भिंतीच्या पोपड्यांची, मिळेल ती. कॅल्शियम कमी असेल म्हणून आम्ही दूध आणखी वाढवलं (हसू नका!). रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९. या वयात ११ च्या खाली गेलं की कमीच धरतात. म्हणजे कमी होतं ते लोह, आणि माती खाणंही त्याचंच लक्षण.

दुधात लोह जवळजवळ नसतंच. त्याने पोट भरलं की लोह असलेलं अन्न जात नाही, आणि त्यातलं कॅल्शियम लोह नीट शोषूही देत नाही. डॉक्टरांनी दूध अर्ध्या लिटरच्या आत आणायला सांगितलं, तेही पेल्यातून. बाटली सोडवताना तीन रात्री घरात कुणी झोपलं नाही. लोहाचं औषध तीन महिने चाललं (त्याने शी काळी होते, मी उगाच घाबरले होते). पण दूध कमी केल्यावर आठवड्याभरातच पठ्ठ्याने माझ्या ताटातली लिंबू पिळलेली मुगाची उसळ स्वतःहून ओढून घेतली.