पहिल्या वर्षाला 'गेट्स' शिकवणं आता तरी थांबवा

तापीकाठ (जळगाव)
माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या जर्नलात अजूनही सी भाषेतलं गेट्स (gets, टाइप केलेली ओळ वाचणारं फंक्शन) दिसतं. ओळ ज्यात ठेवायची त्या ॲरेत (सलग खान्यांत) जागा किती, हे त्या फंक्शनला कळायला मार्गच नाही. एंटर येईपर्यंत ते लिहीत सुटतं. १९८८ साली मॉरिस वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा प्रोग्रॅम) फिंगर सर्व्हरमध्ये (वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) शिरला तो यातूनच: बफर, म्हणजे वाचलेलं ठेवायची जागा, ५१२ बाइटचा, ओळ त्याहून लांब. २०११ च्या सी मानकातून गेट्स काढून टाकलं, आपण मात्र धरून बसलोय. पहिल्या दिवसापासून एफगेट्स (fgets, ज्याला जागेची मर्यादा सांगावी लागते) शिकवा.

धुळेकर मास्तर
नाही पटलं भाऊ. पोरांना बफर फुटताना दिसू द्या. स्ट्रक्चर (एकत्र बांधलेल्या माहितीचा गठ्ठा) घ्या: गावासाठी ८ बाइटचा ॲरे, त्याला लागून इंट (पूर्णांक) गुण. गुणांत ६२ भरा, मग गेट्सने गाव वाचा. इंग्रजी स्पेलिंगने चाळीसगाव टाकलं की १० अक्षरं आणि शब्द संपल्याची खूण म्हणून शेवटचा शून्य, असे ११ बाइट. आठ जागेवर बसतात. उरलेले ओ, एन आणि शून्य गुणांवर सांडतात. एरर नाही, काही नाही, ६२ चे २८२७१ होतात! ओचा कोड १११, एनचा ११०, आणि दुसऱ्या बाइटची किंमत २५६ पट: १११ अधिक ११० गुणिले २५६, फळ्यावर मांडून दाखवतो मी. नुसतं एफगेट्स पाठ केलेल्याला मेमरी कळणार कधी?

तापीकाठ (जळगाव)
२८२७१ येतीलच याची हमी भाषा देत नाही. कंपायलर बदलला, ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड वेगवान करणं) लावलं की निकाल बदलू शकतो, आणि पोरं तोच नियम समजून बसतात. दाखवायचंच तर ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं कंपायलरचं साधन) लावून दाखवा, कुठे हद्द ओलांडली ते तो सांगतो.

धुळेकर मास्तर
लावून बघा. एकाच स्ट्रक्चरच्या आतलं सांडणं तो पकडतच नाही. माझं उदाहरण त्याच्या हातून निसटतं. म्हणून आधी डोळ्यांनी बघायला शिकवायचं.

केळीबाग (रावेर)
दोघंही इंग्रजी अक्षरंच मोजताय. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) मराठी चाळीसगाव म्हणजे २४ बाइट, कारण काना-वेलांटीलाही प्रत्येकी ३ लागतात. २० बाइटच्या बफरमध्ये एसएनप्रिंटएफने (snprintf, मर्यादा पाळून मजकूर भरणाऱ्या फंक्शनने) भरा: बफर फुटत नाही, पण एक बाइट शेवटच्या शून्याला जातो, म्हणून 'चाळीसग' नंतरचा काना एका बाइटवर तुटतो आणि छापताना कचरा येतो. शेतकऱ्यांच्या याद्या मराठीत असतात हो. ते फंक्शन २४ परत करतं, तो आकडा २० शी ताडून बघायला कोण शिकवतं?

तापीकाठ (जळगाव)
स्ट्रक्चरचं मान्य, केळीबागेचंही. पण मास्तर, तो प्रयोग स्ट्रकॉपीनेही (strcpy, जागा न बघता मजकूर उतरवणाऱ्या फंक्शननेही) होतो. जीसीसी कंपायलरने प्रोग्रॅम लिंक करताना (तुकडे जोडताना) लिंकरच गेट्स धोकादायक असल्याचा इशारा देतो, ते गेट्स जर्नलात नकोच.