पाच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा धावणं: सुरुवात किती आणि कशी?

पायपीट
वय ४४. पाच वर्षांपूर्वी १० किमी ५८ मिनिटांत व्हायचं. नंतर धावणं पूर्ण बंद, काम बैठं, वजन ११ किलोंनी वाढलेलं. रोज अर्धा तास भरभर चालणं विनात्रास होतं. आता पुन्हा धावायचं आहे. पहिल्या दिवशी नेमकं किती धावावं? कुठल्या वेगाने? जुने बूट कपाटात आहेत, ते चालतील का?

दमसास
वजनापेक्षा ती ५८ मिनिटं जास्त धोक्याची. डोक्यात जुना वेग बसलेला असतो आणि दमसुद्धा तुलनेने लवकर परत येतो. पहिल्या काही आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं, धाप कमी होते. पाय मात्र मागेच असतात. कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे चिवट दोर) बळकट व्हायला महिने लागतात. हाडांचं तर आणखी विचित्र: नवा भार पडला की हाड आधी जुना भाग पोखरून काढतं, भर नंतर घालतं. पोखरायला साधारण तीन आठवडे, भरायला सुमारे तीन महिने. म्हणजे मधे काही काळ ते आधीपेक्षा किंचित कच्चं असतं. त्यामुळे दुखणी पहिल्या आठवड्यात क्वचित येतात. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात येतात, नेमकी 'आता जमतंय' असं वाटून माणूस अंतर वाढवतो तेव्हा.

म्हणून अंतर मोजू नका, मिनिटं मोजा. ५ मिनिटं चाला, मग १ मिनिट धावणं आणि २ मिनिटं चालणं असं ८ वेळा, शेवटी पुन्हा ५ मिनिटं चाला. एकूण ३४ मिनिटांत धावणं फक्त ८ मिनिटं. आठवड्यातून तीनदा, मधे एक दिवस सोडून. हे दोन आठवडे तसंच ठेवा, सोपं वाटलं तरी. मग दर दोन आठवड्यांनी एक पायरी: २ धावणं २ चालणं ६ वेळा, ३ आणि २ पाच वेळा, ५ आणि २ चार वेळा, ८ आणि २ तीन वेळा. तिथून सलग २५ मिनिटं, मग ३०.

वेगाची कसोटी एकच: धावता धावता आठ-दहा शब्दांचं वाक्य मधे श्वास न तोडता बोलता आलं पाहिजे. सुरुवातीला किलोमीटरला ८-९ मिनिटं लागली तर त्यात काही बिघडलेलं नाही.

सोलियस
वरचं सगळं बरोबर, पण पोटऱ्यांचं राहिलं. धावताना जमिनीचा धक्का वजनाच्या अडीचपटीच्या आसपास असतो. पोटरीतल्या खोल स्नायूवर आणि टाचेमागच्या अकिलीस कंडरेवर ओढ सहा ते आठपट पडते. म्हणजे वाढलेले ११ किलो तिथे प्रत्येक पावलाला ६५ ते ९० किलो होऊन पोचतात! चालण्याने याची तयारी होत नाही.

पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर उचला, ३ सेकंद घेत खाली आणा. गुडघा सरळ ठेवून १२ वेळा, तीन फेऱ्या. मग गुडघा थोडा वाकवून तेवढंच. वाकवलेला प्रकार लोक गाळतात, आणि खोल स्नायूला मुख्य काम त्यातच मिळतं. दोन-तीन आठवड्यांनी एका पायावर. एका पायावर २० ते २५ सलग जमणं हे उद्दिष्ट. टाच धपकन सोडणं आणि भार करंगळीच्या बाजूला जाणं या दोन नेहमीच्या चुका.

जोडीला गुडघ्याच्या खालपर्यंत येईल अशा उंचीच्या पायरीवर एका पायाने चढउतार, १० च्या तीन फेऱ्या. हे आठवड्यातून दोनदा पुरे, आणि धावण्याच्याच दिवशी, धावून झाल्यावर. नाहीतर विश्रांतीचा दिवस नावापुरता उरतो.

पायपीट
धन्यवाद. मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके दिसतात. कमाल ठोके २२० वजा वय, म्हणजे २२० वजा ४४, १७६; त्याचे ७० टक्के १२३. त्याच्या आत राहायचं तर धावणं शक्यच दिसत नाही. आणि 'आठवड्याला १० टक्के वाढ' हा नियम इथे लावायचा का?

ठोकताळा
२२० वजा वय ही सरासरी आहे. एखाद्याचा खरा आकडा १०-१२ ठोक्यांनी इकडेतिकडे असणं अगदी सामान्य. त्यात मनगटावरचं घड्याळ कधी कधी ठोक्यांऐवजी पावलांचा ताल मोजतं. संथ धावताना अचानक १६० दिसलं तर आधी पट्टा घट्ट करा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर (ठोके आवरणारं औषध) चालू असेल तर ठोके नेहमीइतके वाढत नाहीत, मग सगळा हिशोबच फसतो. सध्या बोलण्याची कसोटी वापरा, घड्याळ मिनिटांसाठी.

१० टक्क्यांचं म्हणाल तर ८ मिनिटांचे १० टक्के ४८ सेकंद. काय वाढवणार? त्यापेक्षा वेळ, वेग आणि चढ यांतली एका वेळी एकच गोष्ट बदला.

फिजिओच्या_नजरेतून
थांबायचं कधी, हे अजून कोणी लिहिलं नाही. दुखणं दहापैकी तीनपर्यंत असेल, लंगडावं लागत नसेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत होत असेल, तर तीच पायरी चालू ठेवा. सकाळी जास्त दुखलं तर एक पायरी मागे.

नडगी वेगळी पाहा. आतल्या कडेने चार-पाच बोटं लांबीचा भाग दुखरा असेल तर ते बहुधा भार वाढवल्याचं दुखणं, मिनिटं कमी केली की उतरतं. पण एका बोटाच्या टोकाएवढी जागा दाबून दुखत असेल, त्या पायावर उडी मारताच कळ येत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर धावणं बंद करून डॉक्टर गाठा. हाडाला बारीक तडा असू शकतो. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, त्यावर विसंबू नका. गुडघ्याची वाटी कुरकुरत असेल तर त्याच वेगात पावलं आखूड करून मिनिटाला ५ ते १० टक्के जास्त टाका, वाटीवरचा भार कमी होतो.

आठवडा चुकला तर त्याच पायरीवर परत या. दोनपेक्षा जास्त चुकले तर एक खाली.

तळपाय
जुने बूट नकोत. पाच वर्षं नुसते पडून राहिले तरी तळाचा फोम कडक होतो आणि गोंद सुटतो, वरून मात्र नव्यासारखे दिसतात. नवे घेताना संध्याकाळी मापा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीएवढी जागा हवी.

दमसास
एक राहिलंच. श्रम करताना छातीत दाब, घेरी, साध्या चालण्यानेही लागणारी धाप, मधुमेह, रक्तदाब किंवा घरात कमी वयात हृदयविकार, यातलं काही असेल तर पहिल्या मिनिटाच्या आधी तपासणी.

पायपीट
यातलं काही नाही. रस्ता मात्र चढउताराचा आहे.

सोलियस
मग पहिले आठ आठवडे सपाट तुकड्यावरच येरझाऱ्या घाला. नंतर आधी चढ, तोही सावकाश. चढावर धक्का कमी असतो, पण पोटरी आणि अकिलीस जास्त ताणले जातात. उतार तोवर चालत उतरा. तिथे मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावतात, त्यामुळे दोन दिवस जिना उतरताना त्रास होतो.