मदत हवी आहे: छत गळतंय, भिंतीला करंट येतोय, घरमालक ढिम्म

दारव्हा तालुक्यातल्या गावात भाड्याने राहतो. भाडं महिना २,५००, करार अकरा महिन्यांचा, स्टॅम्पपेपरवर. पुढच्या खोल्यांवर टिन, मागे कवेलू (कौलं). पाऊस आला की टिनाच्या बोल्टांतून पाणी स्विचबोर्डामागच्या भिंतीत उतरतं आणि ओल्या भिंतीला हात लागला की झिणझिण्या येतात. मालक नागपूरला असतात, फोनवर "दिवाळीनंतर पाहू" म्हणतात. स्वतः दुरुस्ती करून भाड्यातून कापता येते का?

वायरमन_पुसद
भाऊ, कायद्याचं नंतर. आधी मेन बंद करा आणि घरातल्या लेकरांना त्या भिंतीपासून दूर ठेवा. वायरमनकडून त्या भिंतीतल्या लाइनची फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) दोन्ही बोर्डातून सोडवून घ्या. नुसतं बटण बंद ठेवून भागत नाही, कारण बटणापर्यंत फेज आलेलीच असते. तात्पुरती वायर कोरड्या भिंतीवरून केसिंगपट्टीतून ओढा. मीटरनंतर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) लावा. एमसीबी (बोर्डातला नेहमीचा ट्रिप होणारा स्विच) शॉर्टसर्किट आणि जादा लोड सांभाळतो, माणसाला बसणारा शॉक थांबवत नाही. आरसीसीबी वारंवार ट्रिप होऊ लागला तर गळती अजून आहे असं समजा. "सारखा लाइट जातो" म्हणून तो डावलून थेट जोडणी करतात, तसं अजिबात करू देऊ नका. अर्थिंगही तपासून घ्या. महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत, पुढची वायरिंग घराची.

वऱ्हाडी_वकील
कापता येतं, पण कोणता कायदा लागतो ते आधी बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा अनुसूचीत (कायद्याला जोडलेल्या यादीत) दिलेल्या क्षेत्रांपुरता आहे, बरीच खेडी त्यात येत नाहीत. जिथे लागू आहे तिथे कलम १४ नुसार किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. तरी काम झालं नाही तर स्वतः करून खर्च वळता करायचा, पण एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंतच. तुमचं वर्षाचं भाडं ३०,०००, म्हणजे ७,५०० रुपये.

गाव त्यात नसेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०८. त्यातही नोटीस देऊन खर्च कापता येतो, पण जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे तिचाच. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. करारात "छत व वायरिंगची दुरुस्ती मालकाकडे" अशी ओळ आहे का? नसेल तर आधी व्हॉट्सॲपवर खर्चाचा आकडा पाठवून त्यांचा लेखी होकार घ्या. फोनवरचं बोलणं पुढे सिद्ध करणं फार जड जातं.

नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने, सोबत फोटो आणि मिस्त्रीचं लेखी अंदाजपत्रक.

प्रश्नकर्ता
तोपर्यंत भाडं थांबवू का?

वऱ्हाडी_वकील
नाही. थकबाकीदार ठरलात तर घर खाली करायला लावायचं कारण तुम्हीच हातात दिलं. भाडं यूपीआयने भरत राहा. पुढे खर्च कापाल तेव्हा उरलेली रक्कम पाठवताना "दुरुस्ती खर्च वजा" असा शेरा लिहा आणि बिलं जोडा.

टिनकाम
अंदाजपत्रक घेताना हे बघा: बोल्ट टिनाच्या उंचवट्यावर हवा. खोलगट पन्हाळीत मारलेला असेल तर पाणी त्यावरूनच वाहतं आणि वॉशर कितीही बदला, गळणारच. जुने डांबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतात, ते सगळे एकदम बदला. चुकीची भोकं सील करून बोल्ट उंचवट्यावर घ्या. वरचं टिन खालच्यावर किमान ६ इंच चढलेलं असावं. कवेलू माकडांनी फोडले असतील तर फुटलेलेच बदलून पुरत नाही, सरकलेल्या ओळी खालून वर परत लावाव्या लागतात. ती मजुरी अंदाजपत्रकात वेगळी लिहून घ्या.