'भित्तिचित्र' की 'पथचित्र'?

उंबरा: डब्लिनमधल्या एका चित्रावरचा लेख मराठीत आणतेय. जुलै २०१६ मध्ये मासर या चित्रकाराने प्रोजेक्ट आर्ट्स सेंटरच्या भिंतीवर लाल बदाम रंगवला. आत पांढऱ्या अक्षरांत 'रिपील द एट्थ', म्हणजे गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणारी १९८३ ची आठवी घटनादुरुस्ती रद्द करा. मी 'भित्तिचित्र' लिहिलं. संपादक म्हणतात, भित्तिचित्र म्हणजे अजिंठा, 'पथनाट्य'सारखं 'पथचित्र' करा. तुम्ही काय वापरता?

शेवटचा बाक: संपादकांशी सहमत. 'भित्ति' म्हटलं की संग्रहालयाचं तिकीट काढावंसं वाटतं.

काजळी: पथनाट्य रस्त्यावर होतं. हे चित्र भिंतीवर आहे. पथचित्र म्हणजे मला रांगोळीच दिसते. सरळ ग्राफिटी लिहा, 'गिरवणे'चंच भावंड असेल ते.

शेवटचा बाक: ग्राफिटी इटालियन, ओरखडण्यावरून आलेला. 'गिरवणे' उगाच ओढू नका. शिवाय ग्राफिटी चोरून करतात. हे सेंटरच्याच भिंतीवर होतं.

काजळी: तरी पालिकेने परवानगी नाही म्हणून काढायला लावलंच की! २०१८ मध्ये पुन्हा रंगवलं, तेव्हा धर्मादाय नियामकाने हरकत घेतली. मग संचालकाने स्वतः निळा रंग फासला, पण बदामाची कड मुद्दाम ठेवली. याला 'पुसलं' म्हणणार की 'झाकलं'?

उंबरा: 'झाकलं'. पण खरी अडचण पुढे आहे. सविता हलप्पनवार, मूळची बेळगावची. ही दुरुस्ती रद्द करायची का, यावरच्या मे २०१८ च्या सार्वमताच्या वेळी डब्लिनच्या एका भिंतीवर तिचा चेहरा रंगवला होता, लोक त्यावर चिठ्ठ्या चिकटवत होते. २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या रुग्णालयात ती गेली; त्याआधी काय घडलं ते मी लिहिलं: 'गर्भपात होत असताना तिने गर्भपात मागितला, तो नाकारला.' वाचणारा गोंधळणारच.

जुनी वही: आयुर्वेदात चौथ्या महिन्यापर्यंत गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात गर्भपात. भेद आहे, आपण विसरलो.

काजळी: तिला सतरावा आठवडा होता. म्हणजे तुमच्या भेदाच्या बरोबर वेशीवर!

शेवटचा बाक: 'पडणे' आणि 'पाडणे' आहेत की. मराठीचं काम क्रियापद करतं.

काजळी: 'पाडणे'त आरोप आहे. बायका आपसात 'पिशवी साफ केली' म्हणतात, ते उगाच नाही.

जुनी वही: मग 'गर्भसमापन' घ्या.

काजळी: आणि आभारप्रदर्शन कोण करणार?

उंबरा: मंडळी, लेख उद्या द्यायचाय. तूर्त 'भिंतीवरचं चित्र' लिहितेय.

शेवटचा बाक: एकाचे दोन शब्द झाले. मानधन शब्दांवर असेल तर चांगलंच आहे.