मदत हवी आहे: आउटबोर्डच्या गिअर ऑइलमध्ये पाणी, आणि थ्रॉटल वाढवला की पंखा निसटतो

देवबागला कर्ली खाडीत आमची फायबरची होडी आहे. मागे ४० हॉर्सपॉवरचं दोन स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं, खाली पाण्यात पंखा असलेलं इंजिन. वडिलांनी घेतलं तेव्हाच ते वापरलेलं होतं. वरचं इंजिन अजून दुसऱ्या ओढीला चालू होतं, दुखणं खाली गिअरबॉक्समध्ये आहे.

गेला पंधरवडा अर्ध्या थ्रॉटलपर्यंत होडी नीट चालते. त्यापुढे दिलं की इंजिन एकदम ओरडतं आणि होडी मंदावते. कमी केलं की परत पकडते. ठोका नाही, खडखड नाही, गिअरचा दांडा जागचा हलत नाही. संगमावर लाटा फुटत असताना हेच झालं तेव्हा होडीत बायको आणि पुतण्या होते. त्या दिवसापासून खाडीबाहेर गेलेलो नाही.

रविवारी गिअरबॉक्सचा ऑइल काढायचा खालचा स्क्रू काढला. आधी चमचाभर नुसतं पाणी, मग दुधाच्या चहासारखं ऑइल. स्क्रूच्या चुंबकावर करडा लगदा होता, पण चोळून पाहिल्यावर बोटाला कण लागले नाहीत. पंखा काढला तर शाफ्टवर सीलपाशी (पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी) तंगूस, म्हणजे मासे पकडायचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला, ब्लेडने कापावा लागला.

मिस्त्री म्हणतो डॉग क्लच (गिअर पकडून ठेवणारे दाते) गेलाय, अख्खा गिअरबॉक्स बदला. तेवढे पैसे आत्ता नाहीत. मला वाटतं बिघाड दोन आहेत: तंगुसाने सील कापलं म्हणून पाणी शिरलं, आणि पंख्यातला रबरी बुश (शाफ्ट आणि पंखा यांना जोडणारं रबर) सुटलाय म्हणून तो निसटतो. गिअरबॉक्स न उघडता याची खात्री कशी करू?

उत्तर:
दादा, क्लच झिजला असता तर निसटताना खट्खट् ठोके बसले असते, चुंबकावर कपच्या आल्या असत्या. नवं ऑइल खालच्या भोकातून, वरच्यातून बाहेर येईपर्यंत भरा. आधी वरचा स्क्रू लावा, मगच खालचा. शाफ्टच्या टोकापासून पंख्यापर्यंत पेंटची एकच सरळ रेघ मारा आणि खाडीतच एक फेरी मारून या. रेघ तुटून सरकली तर बुशच.
मग ऑइल काढून खालचा स्क्रू परत लावा आणि वरच्या भोकातून गेज असलेल्या सायकल पंपाने हवा भरा, १० पीएसआयच्या (गेजवरचं दाबाचं माप) वर नको. पाच मिनिटं दाब टिकतो का बघा, शाफ्ट हाताने फिरवत साबणाचं पाणी लावा. दोन्ही स्क्रूंचे वॉशर मात्र आजच बदला, पाणी कधीकधी तिथूनच शिरतं. जुनी सीलं काढताना कुठल्या तोंडाने बसली होती त्याचा फोटो घ्या.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. रेघ तीन बोटं सरकली! पंखा बुश बदलायला दिला. दाब दोन मिनिटांत उतरला, बुडबुडे पंख्याकडच्या सीलमधूनच. आता एकच अडचण: सील घासतं तिथे शाफ्टवर चर पडलाय, नख अडकतं. नवं सील थोडं मागे-पुढे बसवून त्याचा ओठ (शाफ्टला घासणारी रबरी कड) कोऱ्या जागेवर आणला तर चालेल का, की शाफ्टच बदलावा लागेल? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.