'ग्लॅमरस' शब्द व्याकरणातून आला?

अक्षरवेल्हाळ:
'ग्लॅमरस' हे विशेषण 'ग्रामर'वरून आलं असं वाचलं. खरं आहे का? व्याकरणातून एवढी झगमग कशी निघाली? आणि भाषांतरात 'सुंदर' लिहिलं तर चालेल का?

पोथीवाला:
खरं आहे. मूळ ग्रीक 'ग्राम्मा', म्हणजे अक्षर. मध्ययुगीन युरोपात शिकणं म्हणजे लॅटिन शिकणं, आणि तेही मोजक्यांच्याच वाट्याला. बाकीच्यांना त्या पोथ्यांत मंत्रतंत्रच असणार असं वाटे, म्हणून 'ग्रामर'ला जादूविद्येचाही अर्थ चिकटला. जादूच्या पोथीला फ्रेंचमध्ये 'ग्रिम्वार' म्हणतात, तोही याच घरातला. स्कॉटलंडमध्ये पहिल्या 'र'चा 'ल' होऊन 'ग्लॅमर' झाला. रॉबर्ट बर्न्सच्या १७८९ च्या एका कवितेत तर 'ग्लॅमर' आणि 'ग्रामर' यांचं यमकच आहे, आणि दोन्ही जादूटोण्याच्या अर्थाने!

तळटीप:
स्कॉट लोक 'डोळ्यांवर ग्लॅमर टाकणे' म्हणत. आपली नजरबंदी, हुबेहूब. वॉल्टर स्कॉटच्या १८०५ च्या काव्यामुळे शब्द इंग्रजीत पसरला, विशेषण बरंच नंतरचं, आणि आजचा अर्थ पक्का केला तो १९३० च्या दशकातल्या हॉलिवूडने.

म्हणूनच 'सुंदर' चालणार नाही. पहाटेचं तळं सुंदर असतं, ग्लॅमरस नसतं. ग्लॅमरसमध्ये घडवलेला थाट हवा, आणि बघणाऱ्यापासून थोडं अंतरही. क्षेत्राबद्दल असेल तर 'झगमगतं', पोशाखाला 'दिमाखदार', व्यक्तीला 'भुरळ पाडणारी'. 'मोहक' मात्र 'चार्मिंग'साठी राखून ठेवा. संवाद असेल तर सरळ 'ग्लॅमरस'च ठेवा, माणसं तसंच बोलतात.

इंग्रजी लिहिताना एक चूक हमखास होते. 'ग्लॅमर'च्या स्पेलिंगमध्ये 'आर'च्या आधी 'यू' येतो, 'ग्लॅमरस'मध्ये तो गळतो. 'ह्यूमर–ह्यूमरस'चंही तसंच.

अक्षरवेल्हाळ:
'र'चा 'ल' म्हणजे आपलं संस्कृतातलं 'रलयोरभेदः'च ना, 'र' आणि 'ल' यांत भेद नाही असं सांगणारं?

पोथीवाला:
जवळचं, पण तेच नव्हे. 'रोम'चं, म्हणजे अंगावरच्या केसाचं, 'लोम' होतं तेव्हा शब्दात दुसरा 'र' नसतो. इथे एकाच शब्दात दोन 'र' आले, जीभ अडखळली आणि एकाने जागा सोडली. लॅटिन 'पेरेग्रिनुस'पासून इंग्रजी 'पिल्ग्रिम' झाला तो याच रीतीने.